देह तोच, आज्ञावली नवी

रात्री अकराच्या पुढे, कार्यालय रिकामे झाले की हे काम हाती घेतात. छताला लावलेला वाय-फायचा पांढरा चपटा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, जुन्या कंट्रोलरपासून, म्हणजे त्याला आज्ञा देणाऱ्या मध्यवर्ती यंत्रापासून, सोडवला जातो आणि त्याला नव्या कंट्रोलरचा पत्ता दिला जातो. डबा नव्याला हाक घालतो. कारखान्यातच त्याच्या अंगात बसवलेले प्रमाणपत्र पुढे करतो. कंट्रोलर ते तपासतो, स्वतःचे दाखवतो, ओळख पटते. मग दोघे आपापल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ताडून पाहतात, आणि ती जुळत नाही. तेव्हा कंट्रोलर आपल्या आवृत्तीची फाइल खाली पाठवू लागतो. डब्याच्या स्मरणात दोन कप्पे असतात. एकात चालू सॉफ्टवेअर, दुसऱ्यात राखीव. नवी फाइल राखीव कप्प्यात उतरते, तिच्यावरची सही पडताळली जाते, कप्प्यांची अदलाबदल होते आणि डबा रीबूट होतो. काही मिनिटे वाय-फाय बंद. दिव्याचा रंग पालटत राहतो. मग तोच डबा, त्याच स्क्रूंवर, त्याच केबलला जोडलेला, पुन्हा बोलू लागतो. आता तो वेगळ्या आज्ञा पाळतो, वेगळ्या पद्धतीने अहवाल देतो, वेगळ्या धन्याचे ऐकतो.

मोठ्या रुग्णालयांत, बँकांत, विद्यापीठांत गेली काही वर्षे हे स्थित्यंतर चालू आहे. सिस्को कंपनीने २००५ साली एअरस्पेस ही छोटी कंपनी सुमारे ४५ कोटी डॉलरला विकत घेतली. तिच्याबरोबर आलेली एअरओएस ही प्रणाली पुढे दीडएक दशक जगभरातल्या असंख्य कार्यालयांचे वाय-फाय चालवत राहिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅटलिस्ट ९८०० हा नवा कंट्रोलर आला. त्याचा पाया एअरओएसचा नव्हता, आयओएस-एक्सई या दुसऱ्याच प्रणालीचा होता. एअरओएसची ८.१० ही शेवटची मालिका ठरली आणि जुन्या घरात राहणाऱ्यांना हलणे भाग पडले. अरुबा या दुसऱ्या वाय-फाय कंपनीच्या ग्राहकांपुढेही तिच्या प्रणालीच्या आठव्या आवृत्तीवरून क्लाउडमधून चालणाऱ्या दहाव्या आवृत्तीवर जाण्याचा असाच प्रश्न उभा राहिला.

या कामात एक साधा दिसणारा प्रश्न दडलेला आहे. सकाळी छतावर जो डबा दिसतो, तो काल रात्रीचाच आहे का?

जडवस्तूंच्या नोंदवहीत तो तोच आहे. सिरियल नंबर तोच, खरेदीचे बिल तेच, घसारा पूर्वीच्याच तारखेपासून मोजला जातो. नेटवर्कच्या दृष्टीने मात्र तो बराचसा दुसरा आहे. त्याची कामाची रीत बदलली, त्याच्या दोषांची यादी बदलली, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हेही बदलले. हा प्रश्न फावल्या वेळचा वाटेल. पण नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याला तरी तो तसा वाटू नये, कारण माणसाच्या बाबतीत हाच प्रश्न त्याच्या सर्वांत गंभीर रूपात या गावात विचारला गेला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी मुंबई इलाखा दलित वर्ग परिषदेत, सुमारे दहा हजार लोकांसमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले की जन्माने मिळालेला धर्म आपल्या हातात नव्हता, पण त्या धर्मात मरणे आपण नाकारू शकतो. देह तोच राहणार, गाव तेच, नातीगोती तीच, आणि तरीही माणूस नवा होऊ शकतो का? होत असेल तर नवे नेमके काय होते? यंत्राचे उदाहरण या प्रश्नाची उंची गाठू शकत नाही. पण यंत्रात प्रत्येक भाग सुटा करून दाखवता येतो, म्हणून प्रश्न स्वच्छ दिसायला त्याची मदत होते.

आपल्याकडची सर्वांत परिचित कल्पना अशी की आत्मा टिकतो आणि देह बदलतो; जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसावे तसा. गीतेतली ही उपमा कीर्तनातून, प्रवचनातून, अंत्यविधीच्या वेळच्या सांत्वनातून मराठी घरांत इतकी रुजली आहे की तिच्याशिवाय या विषयाचा विचार सुरूच होत नाही. ॲक्सेस पॉइंटच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी घडते. वस्त्र तेच राहते आणि नेसणारा बदलतो. आद्य शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची कथा या प्रकाराच्या जवळ जाते. मृत राजा अमरूच्या देहात आचार्य शिरतात, दरबाराला राजा परत आल्यासारखा वाटतो, पण त्याचा कारभार पाहून चतुर मंत्र्यांना संशय येतो. मंत्री चेहऱ्यावर विसंबत नाहीत, ते वागणे पाहतात.

वेताळपंचविशीतली डोक्यांच्या अदलाबदलीची गोष्ट आणखी अवघड आहे. पती आणि दुसरा पुरुष, दोघांची धडे-शिरे उलटसुलट जोडली गेली. आता पती कोणता? विक्रम राजा शिराच्या बाजूने निकाल देतो. गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’मध्ये तो निकाल पुन्हा उकलून पाहिला, कारण काही काळाने शिराला धडाच्या सवयी लागतात आणि धड शिराप्रमाणे घडू लागते. नेटवर्कच्या अभियंत्याला ही बाब रोजची आहे. नवे सॉफ्टवेअर जुन्या हार्डवेअरवर चढवले की ते हार्डवेअरच्या मर्यादेतच चालते. रेडिओ ज्या लहरी पकडू शकत नाही त्या नवी आज्ञावली पकडून देत नाही. चार अँटेनांचे काम दोन अँटेना करत नाहीत. नवेपणाला जुन्या देहाचा हिशेब चुकवता येत नाही.

या सर्व कथांत एक गृहीत आहे: कुठेतरी एक खरा ‘तो’ असलाच पाहिजे, मग तो आत्म्यात असो की शिरात. बौद्ध विचाराने हे गृहीतच बाजूला ठेवले. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस? दांडी? जू? यांपैकी एकही नव्हे, आणि यांच्यापलीकडे वेगळा रथही सापडत नाही. रथ हे या सगळ्यांच्या विशिष्ट जुळणीला दिलेले, व्यवहाराला उपयोगी पडणारे नाव आहे. पुढे राजा विचारतो, जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नसते, पण दोन वेगळे दिवेही जळलेले नसतात.

राजा हुशार आहे. तो तोच नसेल, तर मागच्या कर्माची जबाबदारी त्याच्यावर कशी येते, असा पेच तो टाकतो. त्यावर नागसेन आंबे चोरणाऱ्याची गोष्ट सांगतो. चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे. म्हणून तो सुटेल का? सुटणार नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच आले. जबाबदारीसाठी एखादी न बदलणारी वस्तू टिकून राहावी लागत नाही. कारणांची साखळी अखंड असली की पुरे.

बाबासाहेबांना हा ग्रंथ किती जवळचा होता याची खूण येवल्याहून फार दूर नाही. वैजापूरमार्गे पूर्वेकडे गेले की जुने औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर लागते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तिथे सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. मराठवाड्यातल्या अनेक दलित कुटुंबांतली शिकलेली पहिली पिढी या आवारातून बाहेर पडली. निर्भयपणे विचारणारा राजा आणि न रागावता उत्तर देणारा भिक्खू, ही जोडी विद्यार्थ्यांसमोर सतत असावी असे संस्थापकाला वाटले.

येवल्याची घोषणा अचानक झालेली नव्हती. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि भाऊराव गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो पाच वर्षे नेटाने लढवला. दार उघडले नाही. व्यवस्थेत दुरुस्त्या सुचवून, विनवून, अडवून, कायद्याचा आधार घेऊन पाहिल्यानंतर येवल्याला ठरले की आता या मंदिरप्रवेशात शक्ती घालवायची नाही. ज्या प्रणालीच्या मुळातच विषमता लिहिलेली आहे, तिच्यावर ठिगळे लावण्यात पिढी खर्ची पडते, हा त्या निर्णयामागचा विचार.

मात्र सोडायचे ठरले तेव्हा कुठे जायचे हे ठरलेले नव्हते. पुढची वाटचाल विचारी माणसाने पाहण्याजोगी आहे. ३१ मे १९३६ रोजी मुंबईतल्या महार परिषदेत बाबासाहेबांनी केलेले भाषण ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. धर्मांतर म्हणजे पोरखेळ नव्हे, असे त्यांनी तिथे बजावले. प्रवासाला निघण्यापूर्वी नावाडी सामानाची जुळवाजुळव करतो आणि किती उतारू येणार ते पाहतो, तशी आपल्यालाही तयारी केली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच भाषणात त्यांनी प्रश्नाला सामाजिक आणि धार्मिक, ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही अंगांनी हात घातला. शीख धर्माचा गांभीर्याने विचार झाला. १९५० मध्ये त्यांनी श्रीलंकेतल्या आणि १९५४ मध्ये ब्रह्मदेशातल्या बौद्धांचे जीवन प्रत्यक्ष पाहिले. डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना झाली. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा उभी राहिली. शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, नागपुरात लाखोंच्या समुदायाने दीक्षा घेतली. येवल्यापासून नागपूरपर्यंत एकवीस वर्षे आणि एक दिवस गेला.

उशीर म्हणून या काळाकडे पाहणाऱ्याने कोणतेही मोठे स्थित्यंतर हाताळलेले नसते. नेटवर्कच्या कामातही जाणता अभियंता जुना आणि नवा कंट्रोलर काही काळ शेजारी-शेजारी चालू ठेवतो. दोघांमध्ये एक सुरक्षित बोगदा उघडतो. एखादी परिचारिका जुन्या वॉर्डातून नव्या वॉर्डात टॅब घेऊन चालत गेली, तर तिची जोडणी तुटत नाही. ती नव्या कंट्रोलरच्या हद्दीत आलेली असते, पण तिचा आयपी पत्ता आणि तिची वाट अजून जुन्या कंट्रोलरकडेच नांगरलेली असते. दोन्हीकडे पाय असण्याचा हा काळ गैरसोयीचा असतो. दोष कुणाचा हे शोधायला वेळ लागतो, खर्च दुप्पट होतो, वरिष्ठ विचारत राहतात की अजून किती दिवस. तरीही तो काळ टाळला की वाटेत कुणीतरी हमखास तुटते.

स्थित्यंतराचा खरा कस मात्र कॉन्फिगरेशनच्या वेळी लागतो.

एअरओएसमध्ये ॲक्सेस पॉइंटचे गट करायचे आणि गटाला नेटवर्क जोडायचे, अशी मांडणी होती. नव्या प्रणालीत प्रत्येक ॲक्सेस पॉइंटवर तीन टॅग लागतात: कोणते नेटवर्क कोणत्या धोरणाने द्यायचे याचा एक, तो कोणत्या जागी आहे याचा दुसरा, रेडिओ कसा वागेल याचा तिसरा. जुन्या फाइलचे रूपांतर करून देणारे साधन कंपनी पुरवते. फाइल त्यात टाकली की कोणत्या ओळी बदलल्या, कोणत्या नव्या घरात चालत नाहीत, याची यादी हाती येते. घाईत असलेला माणूस ती यादी न वाचता रूपांतरित फाइल जशीच्या तशी चढवतो. सकाळी वाय-फाय चालू असते, सगळे खूश असतात. पण दहा वर्षांपूर्वी कुण्या पाहुण्यासाठी तात्पुरते उघडलेले दार त्या फाइलबरोबर आत आलेले असते. नोकरी सोडून गेलेल्यांचे पासवर्ड आलेले असतात. एका विभागाने दुसऱ्या विभागाला अडवण्यासाठी घातलेला, ज्याचे कारण आज कुणालाच आठवत नाही असा नियमही आलेला असतो. प्रणाली नवी झाली, राज्य जुन्याच नियमांचे राहिले.

इथे नागपूरच्या विधीची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. कुशीनाराचे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले. मग जमलेल्या समुदायाला बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिली आणि तिला बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. त्या प्रतिज्ञांमध्ये काय स्वीकारायचे ते आहेच, पण काय सोडायचे तेही नावानिशी आहे: कोणत्या देवतांची उपासना करायची नाही, श्राद्धपक्ष करायचे नाही, कोणती क्रियाकर्मे ब्राह्मणाकरवी करवून घ्यायची नाहीत. एवढी तपशीलवार यादी कशाला, असा प्रश्न तेव्हाही काहींना पडला. उत्तर मानवी सवयीत आहे. नाव बदलून जुने आचार चालू ठेवण्याची उदाहरणे या देशात अनेक धर्मांत सापडतात. धर्मांतरानंतरही जात उंबरठा ओलांडून आत आली, पंगतीत बसली, दफनभूमीतही वेगळी राहिली. बाबासाहेबांना हे माहीत होते. रूपांतर आपोआप होऊ द्यायचे नाही, एकेक ओळ वाचायची आणि ती सोडायची की ठेवायची हे उच्चारून ठरवायचे, असा त्या यादीचा अर्थ लागतो.

शेवटच्या प्रतिज्ञांमध्ये एक अशी आहे की आज आपला नवा जन्म होत आहे असे दीक्षा घेणारा मानतो. आत्मा न मानणाऱ्या धम्मात नवा जन्म, तोही त्याच देहात, मरणाआधी! वरवर पाहता कोडे वाटते. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेब पुनर्जन्माचा प्रश्न दोन भागांत विभागतात: पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कुणाचा? पहिल्याचे उत्तर ते देहाच्या मूलद्रव्यांत शोधतात. दुसऱ्यात तोच माणूस, तोच आत्मा परत येतो ही कल्पना ते स्वीकारत नाहीत. या विवेचनाच्या उजेडात त्या प्रतिज्ञेचा अर्थ उलगडतो. नव्याने जन्मते ती वागण्याची रीत. कोणत्या नियमाने हात जोडले जातील, कोणासमोर मान झुकणार नाही, लग्नात कोण बोलेल, मुलीला शाळेत पाठवायचे की नाही, हे ज्या आज्ञांनी ठरते त्या आज्ञा नव्या होतात. त्या सकाळी दीक्षाभूमीवर आलेला आणि संध्याकाळी परतलेला माणूस नागसेनाच्या भाषेत तोही नव्हता आणि दुसराही नव्हता.

माणूस आणि यंत्र यांच्यातला मूलभूत फरक इथेच सांगायला हवा. ॲक्सेस पॉइंटला कुणी विचारत नाही. त्याचे स्थित्यंतर केले जाते. माणूस ते स्वतः करतो. म्हणून बावीस प्रतिज्ञा प्रथमपुरुषात आहेत. दुसऱ्याने चढवलेली श्रद्धा, मग ती बळाने चढवलेली असो, लोभाने असो वा केवळ जन्माने, तिला निवड म्हणता येत नाही. येवल्याच्या घोषणेचे धार्मिक मोल या जाणिवेत आहे: ज्या धर्माबद्दल कधी विचारलेच गेले नाही, त्याबद्दल मोठेपणी स्वतःला विचारण्याचा अधिकार माणसाला आहे.

आता उरतो जन्माच्या दाखल्याचा प्रश्न. सॉफ्टवेअर कितीही बदलले तरी ॲक्सेस पॉइंटचा ४८ बिटांचा मॅक पत्ता आणि कारखान्यात बसवलेले प्रमाणपत्र बदलत नाही. नेटवर्क त्याला पहिला प्रवेश या जन्मखुणेवर देते. कुणी बनवले हे एकदा कळले की विश्वास. यंत्रापुरते ते ठीक. पण आता यंत्रांच्या जगातही एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये शून्य-विश्वास रचनेची मार्गदर्शिका काढली. एखादे उपकरण आपल्याच इमारतीत आहे किंवा आपल्याच मालकीचे आहे, म्हणून त्याच्यावर आपोआप विश्वास ठेवू नये, असे ती सांगते. ते आत्ता कसे वागते आहे हे पुन्हा पुन्हा तपासायचे. येवल्यात पैठणी घ्यायला आलेली जाणकार बाईही हेच करते. दुकानाच्या पाटीवर न थांबता ती पदर उलटा करून पाहते. हातमागावर विणलेल्या अस्सल पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते, मागे धागे लोंबत नाहीत. कोणत्या घराण्यातून आली यापेक्षा कशी विणली गेली यावर ती पैठणी ओळखली जाते.

माणूस जन्माने श्रेष्ठ किंवा हीन होत नाही, कर्माने होतो, ही बुद्धाची शिकवण याच दिशेची आहे. समाजाने मात्र जन्मखूण वाचणे सोडले नाही. दीक्षा घेतलेल्यांना गावात पूर्वीचेच नाव, पूर्वीचीच वस्ती, पूर्वीचाच दुजाभाव भेटला. कायद्यात तर निराळाच पेच झाला. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती ओळख धर्माशी बांधली होती. १९५६ मध्ये शीखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेण्यात आले. म्हणजे दीक्षेनंतर जवळजवळ चौतीस वर्षे केंद्राचा कायदा सांगत राहिला की धर्म बदलला, सबब जुनी जखमही संपली. जखम देहावर होती आणि देह तर तोच होता. अन्याय करणाऱ्यांनी जुनी ओळख विसरायची नाही आणि भरपाई देणाऱ्यांनी ती विसरायची, असा हा उफराटा न्याय होता. इतर धर्मांत गेलेल्या दलितांबाबत हाच प्रश्न विचारात घेण्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.

नव्या घरात जाताना काय टाकायचे याची यादी करावी लागते, तशी काय टाकता येणार नाही याचीही करावी लागते. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. प्रणाली बदलली, सबब जुन्या नोंदी पुसल्या, असे सांगून सुटता येत नाही. कालच्या प्रणालीवर कुणी गुन्हा केला असेल तर त्याचा माग आज लावता आला पाहिजे. नागसेनाच्या आंबेचोराला मिळालेले उत्तर हेच होते.

जुन्याकडे ओढणारी शक्ती कशी काम करते याचे एक उदाहरण ४ डिसेंबर २०२२ नंतर दिसले. सिस्कोच्या काही जुन्या ॲक्सेस पॉइंटच्या सॉफ्टवेअरवरील सहीच्या प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली. त्यानंतर आवृत्ती बदलायला घेतलेले डबे फाइल उतरवण्याच्याच अवस्थेत अडकू लागले. दुरुस्त आवृत्त्या निघाल्या होत्या, पण ज्यांच्याकडे त्या नव्हत्या त्यांना एक उपाय सांगितला गेला: कंट्रोलरचे घड्याळ हाताने मागे न्या, डबे वर येऊ द्या, मग घड्याळ पुन्हा जागेवर आणा. एका रात्रीपुरता हा उपाय चालतो. नोंदींच्या वेळा चुकतात, इतर प्रमाणपत्रे बिघडू शकतात, म्हणून घड्याळ लगेच पुढे आणावेच लागते. सुधारणेला अडखळ आली की ‘पूर्वीचेच बरे होते’ म्हणत काळच मागे नेऊ पाहणारे समाजातही निघतात. घड्याळ मागे नेणाऱ्या अभियंत्याला ते पुन्हा पुढे आणायचे आहे हे माहीत असते, त्यांना ते नसते.

आणि मागे राहिलेल्यांचे काय? कॅटलिस्ट ९८०० वर सिस्कोचे १७००, २७०० आणि ३७०० मालिकेतले ॲक्सेस पॉइंट १७.३ आवृत्तीपर्यंत चालत होते. १७.४ पासून त्यांचा आधार काढला गेला. ज्या संस्थांच्या छतांवर असे शेकडो डबे होते, त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या: सगळे बदला, किंवा नव्या आवृत्तीवाचून राहा. पुढे १७.९.३ आवृत्तीत या मालिकांना परत आधार दिला गेला. हार्डवेअर तेच होते. नव्या घराचे दार आधी त्यांच्यासाठी बंद झाले होते, मग ते उघडले. कोण नव्यात बसत नाही हे पुष्कळदा त्याच्या अंगच्या उणिवेपेक्षा घर बांधणाऱ्याच्या निर्णयावर ठरते. काळारामाच्या दारात पाच वर्षे उभे राहिलेल्यांना हे कुणी शिकवायला नको होते.

म्हणून स्थित्यंतराच्या आराखड्यात, मग तो शंभर खाटांच्या रुग्णालयाच्या वाय-फायचा असो की एखाद्या समाजाच्या श्रद्धेचा, नव्या प्रणालीच्या गुणांइतकीच जागा तीन नोंदींना हवी. कोणते नियम जाणूनबुजून मागे ठेवले आणि का. कोणत्या जबाबदाऱ्या सोबत घेतल्या. आणि जे आज नव्यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी जुना कंट्रोलर कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील. पहिल्या दोन नोंदी बहुतेक जण लिहितात. तिसरीतली तारखेची जागा कोरी असेल, तर सही करणाऱ्याने आराखडा परत पाठवावा.